निबंधलेखनाच्या वर्गातून माझे नाव कमी न करण्याबाबत

प्रति,
मा. संचालक,
शाळेतूनच कॉलेज क्रेडिट योजना विभाग,
टर्की फोर्क कम्युनिटी कॉलेज
(तळमजला, कॉफीच्या यंत्रासमोरची खोली)

विषय : इंग्रजी निबंधलेखन, दुसरा तास, प्लम होलो हायस्कूल. या वर्गातून माझे नाव कमी न करणेबाबत.

संदर्भ : १) आपले ९ ऑक्टोबरचे आभाराचे पत्र.
२) त्याच पाकिटातून आलेला नाव कमी करण्याचा फॉर्म.

महोदय,

मी, लव्हॉन क्राटोचविल, वय ५८, प्लम होलो हायस्कूलच्या स्वयंपाकघराची प्रमुख असून त्याच हायस्कूलच्या अकरावीची विद्यार्थिनी आहे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. हा अर्ज मी विद्यार्थिनी या नात्याने करीत आहे, तरी कागदाला पिठाचा हात लागला असल्यास क्षमा असावी.

१. प्रथम हे कसे घडले ते सादर करते. ऑगस्टमध्ये आपल्या कार्यालयाने कळवले की, या वर्गाला किमान बारा विद्यार्थी लागतात, आमच्याकडे अकराच आहेत, सबब शुक्रवारपर्यंत बारावे डोके न मिळाल्यास वर्ग बंद. आपले कॉलेज आमच्या गावापासून नव्वद मैलांवर. इथली मुले शाळेत बसूनच ही तीन क्रेडिट मिळवतात, तशीच आणखी दोन-चार वर्गांची, आणि घर सोडतात तेव्हा त्यांचे कॉलेजचे पहिले वर्ष जवळजवळ उरकलेले असते. ट्रेव्हा शिमेकला नर्स व्हायचे आहे. तिच्या घरी तिच्या पाठची चार भावंडे आहेत. ही योजना नसती तर ट्रेव्हाने कॉलेजचे नावही काढले नसते. शिकवणाऱ्या मिस ओडेगार्ड त्या दिवशी डोळे पुसतच जेवणाच्या रांगेत आल्या. मी त्यांच्या ताटात दुप्पट बटाटे वाढले आणि आपली नियमावली वाचायला मागितली.

२. नियमावलीत लिहिले आहे की, ज्याचे नाव हायस्कूलच्या पटावर आहे व ज्याने हायस्कूल पूर्ण केलेले नाही, तो पात्र. वयाचा उल्लेख कुठेही नाही. मी सतरा पानांत शोधला. आता मी हायस्कूल १९८४ साली अकरावीत सोडलेले आहे. प्रिन्सिपल श्री. हुल्स्टाइन यांनी तो नियम तीनदा वाचला, मग त्यांना इतके हसू आले की ते खाली बसले, आणि उठल्यावर त्यांनी माझे नाव अकरावीच्या पटावर घालून मला लॉकरची किल्ली दिली.

३. आपल्या संगणकावरील फॉर्मात माझे जन्मसाल नव्हते. फोन केला तर आपल्या कार्यालयातील बाई म्हणाल्या की, यादीतले सर्वांत जुने साल निवडा, पुढचे पुढे बघू. त्यामुळे आपल्या दप्तरी मी सतरा वर्षांची आहे. माझे गुडघे या नोंदीशी सहमत नाहीत. सतरा वर्षांची म्हटल्यावर पालकाची सही आली. माझी आई, श्रीमती अल्विना, वय ८४, हिने चष्मा लावून फॉर्म दोन्ही बाजूंनी वाचला, वर्गात मुलगे किती आहेत ते विचारले, आणि मग सही केली.

४. तेव्हापासून मला सोसाव्या लागलेल्या अडचणी खालीलप्रमाणे. तक्रार नाही, फक्त नोंद असावी.

शाळेच्या नियमानुसार विद्यार्थ्यांना स्वयंपाकघरात येण्यास सक्त मनाई आहे. तशी पाटी मीच दहा वर्षांपूर्वी लावली होती. मी विद्यार्थिनी झाल्याबरोबर माझी मलाच मनाई झाली. त्यावर तोडगा म्हणून रोज सकाळी विद्यार्थिनी लव्हॉनला आत येऊ द्यावे अशी चिठ्ठी स्वयंपाकघरप्रमुख लव्हॉन लिहून देते. या चिठ्ठ्यांची आता फाईल झाली आहे आणि ती श्री. हुल्स्टाइन पाहुण्यांना दाखवतात.

११ सप्टेंबर रोजी मी दाढ काढायला गेले. शाळेच्या यंत्राने नियमाप्रमाणे पालकाला फोन लावला की, आपला पाल्य दुसऱ्या तासाला गैरहजर आहे. आईने पहिल्यांदा स्वयंपाकघरात फोन केला, मग चर्चमध्ये, मग गाडी काढून गावभर मला शोधत फिरली. डॉक्टरांच्या दारात मला गाठून म्हणाली, "शाळा बुडवून कुठं उंडारतेयस गं?" माझ्या तोंडात कापूस होता. मी बोट दाखवले. तिने तिथल्या तिथे "आ कर" म्हणून खात्री केली. दुसऱ्या दिवशी शाळेत चिठ्ठी दिली ती अशी : दाढ काढली आहे. मी स्वतः पाहिली. अल्विना.

वर्गातली मुले मला पूर्वीसारखीच मिस लव्हॉन म्हणतात, पण आदर पार गेला. रांगेत ताट पुढे करून विचारतात, "काय मिस लव्हॉन, होमवर्क केला, का पडला चिलीच्या पातेल्यात?" मीही सांगते की, केला, आणि तुझ्याआधी केला, घे आता वाटाणे.

५. अभ्यासाविषयी. माझा पहिला निबंध 'दोनशे माणसांची ग्रेव्ही गुठळी न होता कशी करावी' या विषयावर होता. आम्हाला एखादी कृती समजावून सांगायला सांगितली होती आणि मला दुसरी येत नाही. शंभरपैकी एकाहत्तर मिळाले. मिस ओडेगार्ड यांनी शेरा दिला की, वाचताना भूक लागली, पण वाक्य कुठे संपते ते कळत नाही. मग ट्रेव्हाने मला जेवणाच्या सुट्टीनंतर ओट्यावर बसवून पूर्णविराम शिकवला. श्वास संपला की टिंब, असे तिने सांगितले. दुसरा निबंध मी बुधवारी पहाटे लिहिला. बुधवारी जेवणात चिली, म्हणजे राजम्याचा तिखट रस्सा, आणि दालचिनीचे गोड सिनॅमन रोल असतात, तेव्हा पीठ फुगेपर्यंत मला चाळीस मिनिटे मोकळी मिळतात. चौऱ्याऐंशी मिळाले. तो कागद मी फ्रीजवर लावला, घरच्या नव्हे, शाळेच्या, म्हणजे दूधवाल्यालाही दिसावा.

६. सप्टेंबरच्या शेवटी गावच्या धान्यकोठारावर नवे मॅनेजर आले. त्यांची मुलगी डेलेनी या वर्गात दाखल झाली. वर्ग कायमचा वाचला, म्हणून आनंदाने मी तिला दोन रोल वाढले. ते कशाबद्दल मिळाले हे तिला आजवर माहीत नाही. त्यानंतर दोन आठवड्यांत आपले पत्र आले. संख्येची गरज भागली असल्याने आपण माझ्या सहकार्याबद्दल आभार मानता आणि सोबतचा फॉर्म भरून नाव काढून घ्यावे असे सुचवता. यात आपली काही चूक नाही. प्रवेशाच्या फॉर्मात 'शिकण्याचा हेतू' या रकान्यात मीच 'वर्ग बंद पडू नये म्हणून' असे लिहिले होते. माझ्याच हाताने माझ्या पायावर धोंडा.

श्री. हुल्स्टाइन म्हणाले, "सुटलीस बाई." मी हो म्हटले. मग कोठीच्या खोलीत गेले, पिठाच्या पिंपांपाशी उभी राहिले आणि चांगली रडले. मला वाईट वाटले याचीच मला लाज वाटत होती. एकतीस वर्षे त्या खिडकीतून मी ताटे भरते आहे आणि मुले रांगेत उभी राहून पुस्तकांवरून भांडतात ते ऐकते आहे. त्या भांडणात मला कधी तोंड घालता आले नाही. आता पुढचा निबंध आपले मत मांडून ते पटवून देण्याचा आहे. महोदय, मला फार मते आहेत. चौदा मुद्दे काढून तयार आहेत. मिस ओडेगार्ड म्हणतात तीन पुरेत. तेवढे अकरा कमी कसे करायचे ते शिकायचे राहिले आहे.

७. आपल्या नियमावलीच्या सातव्या पानावर वर्गाची कमाल मर्यादा पंचवीस दिली आहे. आम्ही तेरा आहोत. खुर्चीचा प्रश्न असेल तर मी माझी आणते.

८. फॉर्मवर पालकाची सही लागते. रविवारी चर्चहून परतताना मी तो आईकडे नेला. तिने चष्मा लावला, फॉर्म दोन्ही बाजूंनी वाचला आणि टेबलावर ठेवला. मग म्हणाली, "चौऱ्याऐंशी साली असाच कागद आला होता. तुझ्या बापाची कंबर गेलेली, दूध काढायला माणूस नाही. मी सही केली. तू इथंच उभी होतीस, तुला कुणी विचारलंच नाही." मी म्हटले, जाऊ दे गं आई, झाले ते. ती म्हणाली, "जाऊ दे कसं? आज विचारते. तुला सोडायचीय का शाळा?"

मी नाही म्हटले. गेल्या चाळीस वर्षांत मी आईपुढे इतक्या सरळपणे नाही म्हटल्याचे मला आठवत नाही. तिने पेन मागितला आणि फॉर्म स्वतःच्या हाताने भरला. तो जसाच्या तसा जोडत आहे.

९. तरी माझी विनंती अशी की, माझे नाव पटावर ठेवावे, आणि प्रवेशाच्या फॉर्मातील माझा हेतू खोडून तिथे 'शिकण्यासाठी' असे लिहून घ्यावे. खोडल्या जागी मी सही करायला येईन. बुधवार सोडून कधीही.

आपली नम्र, आणि आपल्या दप्तरी अजून तरी सतरा वर्षांची,

(सही)
लव्हॉन क्राटोचविल
इयत्ता अकरावी, प्लम होलो हायस्कूल
दि. १४ ऑक्टोबर

सोबत :
१) दोन्ही निबंध, गुणांसह. (दुसरा आधी वाचावा.)
२) मिस ओडेगार्ड यांचे पत्र. त्यांनी ते न मागता दिले.
३) वर्गातील बारा मुलांच्या सह्यांचा कागद. डेलेनीचीही आहे.
४) नाव कमी करण्याचा फॉर्म. माझ्या आईने 'पालकाची संमती' या चौकटीत मोठ्या अक्षरांत 'नाही' असे लिहून खाली सही केली आहे. सही थोडी हलली आहे, पण तिचीच आहे.