शालूच्या स्टेटसची भानगड

जालना,
रविवार, दुपार (शालू भिशीला गेली आहे)

प्रिय बद्रीनाथराव,

तुमच्या दाजींचा नमस्कार घ्या. इकडे आम्ही बरे आहोत, म्हणजे मी बरा आहे, तुमच्या ताईचं पुढे सविस्तर लिहितो. नंदावहिनींचे गुडघे काय म्हणतात? चि. प्रियदर्शनीची दहावी कशी चालली आहे? वडीगोद्रीचा हायवे जोवर आहे तोवर तुमच्या टायरच्या दुकानाची मला काळजी नाही. मोबाईलच्या जमान्यात दाजींनी कागद-पेन का हाती घेतलं, असं तुम्हाला वाटेल. त्याचं असं आहे की माझ्या मोबाईलचा पासवर्ड शालूला पाठ आहे आणि मला अधूनमधून आठवत नाही. शिवाय दिवाळीत तुम्ही घराण्याचा ग्रुप सोडून गेलात तेव्हापासून आमच्या घरातला एकही फोन उचलत नाही. पोस्टमनला मात्र अजून कुणाला ब्लॉक करता आलेलं नाही.

तुम्हाला ठाऊकच आहे, शालू काही स्टेटस लावणारी बाई नव्हे. आजवर सणाची रांगोळी आणि उन्हाळ्यात लोणच्याची बरणी, याच्यापुढे तिची मजल गेली नव्हती. पण संक्रांत झाली आणि एका सकाळी तिच्या स्टेटसला गाणं आलं. जुन्या हिंदी सिनेमातलं, काळं-पांढरं. एक बाई खिडकीचा गज धरून उभी आहे आणि जाणारा मागे वळूनसुद्धा बघत नाही. मी चहा पिता पिता ते पाहिलं आणि मग समोर पोळ्या लाटणाऱ्या शालूकडे पाहिलं. ती शांतपणे लाटत होती. दुसऱ्या दिवशी दुसरं गाणं, त्यात बाई नदीकाठी. तिसऱ्या दिवशी तर बाईच नव्हती, नुसता रिकामा झोपाळा हलत होता. ते मला फार लागलं. (खिडकीतली बाई परवडली, निदान ती घरात तरी असते.)

आमच्या बियाण्याच्या कंपनीत माझ्या शेजारच्या टेबलाला काकासाहेब बसतो. या विषयात एमआयडीसीत त्याचा शब्द मानतात, कारण त्याची बायको त्याच्याशी कित्येक वर्षं स्टेटसवरूनच बोलते (येताना कोथिंबीर आणायची असेल तर तेसुद्धा). त्याला मी झोपाळा दाखवला. त्याने चष्मा पुसून दोनदा पाहिला आणि म्हणाला, “कल्याणराव, मामला लई पुढं गेला. आता जल्दी सुधरा.”

मंडळी, मी सुधारलो. (मंडळी म्हणजे तुम्ही एकटेच, पण सुधारणेचं वर्णन करताना समोर सभा हवी असं वाटतं.) सकाळचा चहा मी करू लागलो. ओला टॉवेल पलंगावरून तारेवर गेला. जेवताना मोबाईलवर जेसीबी विहीर खणतो ते व्हिडिओ पाहायची माझी सवय तुम्हाला माहीत आहे, त्याशिवाय घास उतरत नाही, पण ती मी मोडली. ताटाकडे बघून जेवू लागलो, तेव्हा कळलं की शालू आमटीत कोकम घालते. वर ती मला विचारते, “तब्येत बरी हाय ना तुमची?” आणि दुसऱ्या दिवशी स्टेटसला कोण, तर रेल्वे फाटकापाशी उभी असलेली आणखी एक रडवेली बाई.

मग चतुर्थीला तिला राजूरच्या गणपतीला घेऊन गेलो. दर्शनाच्या रांगेत ती सारखी पिशवीतून फोन काढून बघायची आणि परत ठेवायची. मी मनात गणपतीला म्हटलं, बाबा, हिचा राग जाऊ दे, वाटलं तर मी जेसीबी कायमचा सोडतो. संध्याकाळी स्टेटसला मंदिराच्या कळसाचा सुरेख फोटो आला आणि त्याला जोडून ताटातुटीचं गाणं. आपल्याकडून कुठे काय कमी पडलं, हे गणपतीलाही कळलं नसेल.

शेवटचा उपाय म्हणून सिनेमाला नेलं. मारामारीचा सिनेमा होता. हिरोने पुष्कळ गुंड त्यांच्या गाड्यांसकट हवेत उडवले, शालू ढिम्म. नंतर हिरो तुरुंगात जातो आणि त्याची बहीण गजाआडून त्याला डबा देते. एवढासा प्रसंग, बाकीचं थिएटर समोसे आणायला उठलेलं, आणि ही तोंडाला पदर लावून हुंदके द्यायला लागली. माझ्या हातातला समोसा हातातच राहिला. मला वाटलं, हिला आपलं घर तुरुंग वाटतं! बाहेर स्कूटरपाशी आल्यावर मी सरळ हात जोडले (पार्किंगवाला बघत होता, बघू दे म्हटलं) आणि विचारलं की माझं काय चुकलं ते सांग, पण ती गाणी आता बंद कर. शालूने माझ्याकडे असं पाहिलं की लग्नाला इतकी वर्षं झाली याचा तिला नव्याने पश्चात्ताप झाला असावा.

“तुमच्यासाठी कशाला लावीन मी गाणं?” ती म्हणाली. “तुम्ही तर दिवसरात डोळ्यापुढंच असता. तुम्हाला काही सांगायचं तर तोंड न्हाई का मला?”

मग तिने फोन पुढे केला. स्टेटसच्या खाली डोळ्याचं चिन्ह असतं, ते दाबलं की कुणी कुणी पाहिलं त्यांची नावं दिसतात. त्यात भिशीच्या सगळ्या बाया होत्या, गॅसवाला होता, गिरणीवाला पुंजाराम तर पहाटेच बघून मोकळा झालेला. “बद्रीचं नाव न्हाई,” ती म्हणाली. एवढंच. आणि स्कूटरवर बसली.

घरी येईपर्यंत मला सगळा उलगडा झाला. दिवाळीत तुम्ही मोबाईलवर म्हटलेलं गाणं ग्रुपवर टाकलं, सगळ्यांनी अंगठे दिले, फुलं दिली, आणि शालूने लिहिलं की दुसऱ्या कडव्यात सूर सुटला, बाबा असते तर तिथंच थांबवलं असतं. सगळ्या नातेवाइकांसमोर तिने ते लिहायला नको होतं, हे मी कबूल करतो. पण खरं सांगू का बद्रीनाथराव, मी तुम्हाला दोन अंगठे आणि एक गुलाब दिला होता, तो गाणं न उघडताच. बाकीच्यांनीही तेच केलं असणार, आपलं घराणं मला माहीत आहे. त्या सगळ्या ग्रुपमध्ये दुसऱ्या कडव्यापर्यंत पोचलेली ती एकटीच होती. तुमच्या लहानपणी बाबांच्या पेटीपाशी तुम्ही दोघं बसायचात, सूर हलला की बाबा हात थांबवायचे आणि कुणालाही त्याचा राग यायचा नाही, असं तुम्हीच मला कितीदा सांगितलं आहे. ते गाणं तिने जपून ठेवलंय. कणीक मळताना लावते. मला वाईट वाटतं हो, घरात तुमचा आवाज ऐकू येतो आणि तुम्ही येत नाही.

वहिनींना नमस्कार सांगा, प्रियदर्शनीला अभ्यासात यश चिंतितो.

तुमचा, विनाकारण सुधारलेला,
कल्याण

ता. क. – माफी नको, फोन नको, ग्रुपमध्येही परत येऊ नका (तिथे काही राहिलेलं नाही). फक्त एकदा तिचं स्टेटस उघडा. पाहिल्याचं कळू नये अशी काही सोय तुम्ही करून ठेवली असेल, तर ती प्रियदर्शनीकडून काढून घ्या. तुमचं नाव तिथे दिसू द्या. यात माझाही स्वार्थ आहे. चहा करणं माझ्या अंगावर पडलं आहे आणि गैरसमज होता असं सांगून आता मागे येता येत नाही, निदान त्या चहाबरोबर रडवेली गाणी तरी नकोत.

ता. क. दुसरा (अक्षर माझं नाही हे तुम्ही ओळखालच) –

बद्री, हे पाकिटाला डिंक आणायला गेल्ते तवा मी सगळं वाचलं. ह्यांचं काही खरं धरू नको. मी कुणाचं नावबिव बघत न्हाई, येळ कुठंय मला तेवढा. अन् सूर सुटला म्हंजे सुटलाच व्हता, त्यात काही बदल न्हाई. रोज सकाळी नवीन लावून राह्यले. चोवीस तास राहतं ते, कधीबी बघता येतं.
– ताई