उष्ण पडणाऱ्या गोळ्या

कॅरी, ८ मे २००५

ती. रत्नाताईस,
सा. न. वि. वि.

फोन हॉलमध्ये आणि हॉलमध्ये सासूबाई, म्हणून पत्र. माझा उजवा डोळा गेला, ताई. गेल्या महिन्यात ऑफिसला ड्राइव्ह करताना समोरचा सिग्नल अर्धा काळा दिसला, दुपारपर्यंत त्या डोळ्याने काहीच दिसेनासं झालं. डोळ्याला आतून सूज होती आणि रक्तवाहिनीत गुठळी. माझ्या रक्तात अशा अँटिबॉडीज आहेत की रक्त उगीचच गोठतं.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, गर्भपात झालेत का. तीन, म्हटलं. त्यामागेही बहुधा हेच, म्हणाल्या. तिसऱ्या वेळी मला ॲस्पिरिनच्या बारीक गोळ्या दिल्या होत्या. सासूबाईंनी त्या कचऱ्यात टाकल्या. उष्ण पडतात म्हणे, मूल राहायचं नाही. मीही मुकाट ऐकलं. पाचव्या महिन्यात सगळं संपलं. तेव्हापासून कुणाचीही ओटी भरायची असली की त्या मला स्वयंपाकघरात अडकवतात.

२१ तारखेला माझ्या धाकट्या जावेचं, गिरिजाचं डोहाळजेवण आहे. चाळीस बायकांसमोर त्यांचं नाक कापणार आहे. भावोजींना नमस्कार.

तुझी वसू

बॉथेल, १३ मे

चि. सौ. वसूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

आधी रडले, मग भांडी आपटली. पण चारचौघांत नको गं. केदाररावांची ती आई आहे, उद्या नवराच तुझ्याशी बोलायचा नाही. दार लावून काय ते सुनाव. स्वतःच्या गोळ्या चुकवू नकोस, आणि माझा राग मानू नकोस.

तुझी ताई

कॅरी, २२ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं ऐकणार होते. पण शुक्रवारी गिरिजा म्हणाली, तिलाही डॉक्टरांनी त्याच गोळ्या दिल्यात आणि सासूबाईंनी परवापासून बंद करायला लावल्या. क्षणभर वाटलं, राहू देत बंद. मग दोन्ही सुना बसतील स्वयंपाकघरात. इतकी वाईट झालेय मी, हे फक्त तुला सांगते.

ओटीच्या वेळी बाहेर आले. माझ्या गोळ्या कोणी आणि का फेकल्या, ते आवाज न चढवता सगळ्यांना सांगितलं. गिरिजाने तिथेच पाणी मागवून गोळी घेतली. सासूबाई हमसून रडल्या. संध्याकाळी माझा हात धरून माफी मागितली. मी हात सोडवून घेतला. केदार खरंच बोलत नाही.

तूही रागाव, पण पत्र पाठवत जा. सासूबाईंचं ते रडणं एकाच डोळ्याने बघावं लागलं, एवढंच वाईट वाटतं.

तुझी वसू