लिनिया शाळेच्या गोलात उभी राहिली

वेल्डन, नेब्रास्का
२ मे

प्रिय आर्डिथताईस,

तुझ्या धाकट्या भावाचा नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो ना? इकडे सगळे ठीक. फक्त सात टाके पडलेत. (मला नाही, पँटला.)

आमची लिनिया तीन वर्षं ओमाहाच्या क्लबात सॉकरची गोलरक्षक आहे, हे सांगून मी तुझे कान किटवलेच आहेत. आठवड्यातून चारदा दीड तास जा, दीड तास ये. तिचा अभ्यास आणि माझी जेवणं ट्रकमध्येच. क्लबाचा नियम एकच : शाळेकडून खेळलात की क्लब बंद. मलाही तो पटायचा. क्लबाच्या सामन्यांना शिष्यवृत्ती देणाऱ्या विद्यापीठांचे निवडकर्ते येतात. शाळेच्या सामन्यांना तिथल्या प्रशिक्षकांचा, पोस्पिशिल सरांचा, कुत्रा येतो.

गेल्या मंगळवारी शाळेच्या गोलरक्षक मुलीचं बोट मोडलं. गुरुवारी सामना, आणि संघात उरल्या दहा. लिनियाने हात वर केला. मला मात्र सांगितलं नाही. सामना सुरू झाल्यावर दुकानात बातमी कळली तसा मी तिला थांबवायला धावत सुटलो. मैदानाचं फाटक लांब, म्हणून कुंपणावर चढलो (वय बावन्न, वजन विचारू नकोस) आणि वरच पँट अडकली. तेवढ्यात आमच्याविरुद्ध पेनल्टी! लिनियाने मला पाहिलं. "बाबा, ओरडायचं नाही हं!" मी मान डोलावली. चेंडू सुटला, ती डावीकडे झेपावली आणि बोटांच्या टोकांनी तो बाहेर ढकलला. बालवाडीत तिच्याबरोबर वाळू खाल्लेल्या त्या दहाही जणी तिच्यावर अशा कोसळल्या की मला नुसते तिचे बूट दिसत होते. क्लबात तीन वर्षांत तिला कुणी मिठी मारलेली मी पाहिली नाही. मग मी ओरडलोच, "माझी पोरगी आहे ती!" आणि पँट फाटली.

दुसऱ्या दिवशी क्लबाचा फोन : माफीपत्र लिहिलं तर ठेवू. मी फोन तिच्या हाती दिला. "माफी कशाबद्दल?" एवढंच विचारून तिने आभार मानले आणि फोन ठेवला. नंतर गोठ्यामागे जाऊन पोटभर रडली. शिष्यवृत्ती लांब गेली हे तिलाही कळतं. परत आली ती शाळेच्या शनिवारच्या सरावाला ट्रक मागतच. ताई, माझ्या पोटी अशी मुलगी कशी आली, देव जाणे.

तुझा,
व्हर्लिन

ता. क. सामना आम्ही सहा-शून्यने हरलो. तिने अडवला तो सातवा.

आणखी ता. क. पोस्पिशिल सर निवृत्त होताहेत. माझं ओरडणं ऐकून मला खेळातलं कळतं असा गावाचा समज झालाय, आणि मी प्रशिक्षक व्हायला हो म्हणून बसलोय. तू तीस वर्षं शाळेत खेळ शिकवलास. ऑफसाइड म्हणजे नेमकं काय, ते ताबडतोब लिहून पाठव. तीन वर्षं मी नुसती मान डोलावतोय. फोन करू नकोस, लिनिया ऐकेल.