मंजुळाबाईंचं भ्या

८ जानेवारी, दिंद्रुड
चहात साखर न्हाई, न्हाणीला कडी न्हाई, अन् वरून रोज लिहून ठेवा म्हणे! डॉक्टरीणबाई, चौथी शिकलेली हाय मी, वाचताना हसू नका. बाकी घर झकास. चकलांब्याच्या माझ्या खोलीपरीस मोठं, ऊनबी भरपूर. काम मंजुळाबाईला सांभाळायचं. उसाची ट्रॉली उलटली, बाई मोळ्यांखाली दबली, शेजारी सख्खी बहीण तिचा हात धरून मेली. तवापासून ट्रॉलीची साखळी वाजली की बाईचा दगड होतो. तुमी सांगितलं, मेंदूत बदामाएवढी गाठ असते, भ्या तिथं बसतं. मोबाईलमधला साखळीचा आवाज रोज थोडा ऐकवा, हळूहळू निवंल. बरं.

११ जानेवारी
आवाज लावला. बाईला दरदरून घाम. मला म्हणाली, तुला काय जातंय गं भवाने, कधी ऊस तोडलास का? म्हटलं, न्हाई, अन् तोडणारबी न्हाई. दोघी हसलो.

१६ जानेवारी
हळूहळू मला जमत न्हाई. मीठ-मिरच्यांनी दिष्ट काढायला घेतली, तवाच मोबाईलबी लावला. एका दमात दोन्ही कामं. उतारा तिठ्यावर टाकला. माघारी बघायचं नसतं, ठाऊक हाय. पण मागं साखळी वाजली. बघितलं. रस्ता मोकळा. मोबाईल तर घरी होता.

१७ जानेवारी
मंजुळाबाई पोटभर जेवली. आवाज लावला तर म्हणाली, कावून भ्यायचे गं मी ह्याला?

१९ जानेवारी
दाराची साखळी वाजली अन् हातातली परात पडली. पाय हलंनात. तोंडात उसाचं पाचट. मी जन्मात ऊस तोडला न्हाई, डॉक्टरीणबाई.

२१ जानेवारी
फोनवर तुमी म्हणालात, दुसऱ्याचं भ्याबी अंगाला लागतं, झोप घ्या, सोमवारी येते. मग बहिणीच्या हिरव्या बांगड्या माझ्या तळव्यात फुटल्या, हे मला कुणी सांगितलं? मंजुळाबाईला विचारलं. म्हणाली, कोणती बहीण?

२२ जानेवारी
आता तीच मला मोबाईल ऐकवते. सवय होईल म्हणते. लई मायेनं—

२३ जानेवारी
भर दुपार. मोबाईल बंद हाय. तरी वाजतंय. छातीवर मोळ्या— डावा हात कुणी धरलाय. गार. सोडत न्हाई. डॉक्टरीणबाई, सोमवारच्या आत सांगा, हे भ्या परत कुणावर उतरवायचं— सोमवारच्या आत, न्हाईतर माझा हात—