इंजिनाचा दिवा, पिवळा की लाल

ती. ताई,

आधी वाकून नमस्कार, मग बाकीचं. तुझा गुडघा कसा आहे? दाजींचा खोकला थांबला का? (त्यांना हे पत्र दाखवू नकोस, परत सुरू होईल.) मी बरा आहे. जेवण जातं, झोप तेवढी येत नाही.

झालं असं, परवा बावीस टन सिमेंट घेऊन चढाला लागलो आणि समोर इंजिनाच्या चित्राचा दिवा लागला. इथला नियम एका ओळीचा आहे. दिवा पिवळा असेल तर हळूहळू गॅरेज गाठायचं, लाल असेल तर जागच्या जागी बंद. लालवर गाडी हाकून इंजिन जाळलं तर नोकरी गेली, आणि पिवळ्यावर उगाच रस्त्यात थांबलो तर मॅनेजर सोलून काढतात. आता मला काय दिसतं ते तुला ठाऊकच आहे. (पिकले म्हणून कच्चे टोमॅटो तोडून आणायचो आणि मार खायचो, तोच मी.) सिग्नलचं सोपं असतं, वरचा लाल, खालचा हिरवा, जागा पाठ आहे. हा मेला एकटाच.

गाडी बाजूला घेऊन बंद केली. तिथे एक पंक्चरवाला होता. सरळ विचारलं असतं तर ड्रायव्हरला रंग कळत नाही ही बातमी माझ्याआधी ऑफिसात पोचली असती. म्हणून चावी फिरवून त्याला सहज म्हटलं, दिव्याचा रंग काय झकास आहे ना. तो म्हणाला, हो. (या 'हो'चं मी काय करू?) मग मॅनेजरना फोन केला. त्यांनी तीनदा विचारलं, पिवळा की लाल, आणि तिन्ही वेळा मला आवाज नीट येत नव्हता. शेवटी मेकॅनिकला घेऊन ते स्वतःच आले.

केबिनमध्ये चढून दिव्याकडे बराच वेळ बघत बसले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुला कोणता वाटतो?"

परीक्षाच घेतायत, असं वाटून मी म्हटलं, "तुम्ही म्हणाल तो, साहेब."

तेवढ्यात मेकॅनिक डोकावला, पिवळा म्हणाला, तुंबलेला फिल्टर बदलून मोकळा झाला. मॅनेजर एक शब्द रागावले नाहीत, तेच मला खातंय. त्यात पुढच्या महिन्यात ऑफिसवाल्यांसकट सगळ्यांचे डोळे तपासणार आहेत. मागच्या वेळी तू तुझ्या दवाखान्यातल्या रंग तपासायच्या ठिपक्यांच्या पुस्तकातले आकडे पानागणिक माझ्याकडून पाठ करून घेतलेस म्हणून तरलो. (शाळेत एवढं पाठ केलं असतं तर आज मीच मॅनेजर असतो.) पण पकडलो गेलो तर तुझीही नोकरी जाईल. म्हणून ठरवलंय, खरं सांगून टाकतो. गोदामात पोती उचलीन.

तुझा,
धाकटा

ता. क. साहेबांना सांगितलं. त्यांनी उठून दार लावून घेतलं आणि हळूच विचारलं, मग पास कसा झालास? तुझं नाव मी घेतलं नाही, नुसतं बहीण म्हटलं. (एकच आहे, हे त्यांना माहीत नाही.)

ता. क. दुसरा. आकड्यांची यादी लगेच पाठव. दोन प्रती कर. एक जरा मोठ्या अक्षरात, साहेबांना जवळचं वाचताना त्रास होतो.