आईच्या सुरकुत्या

भिवापूर,
१० नोव्हेंबर १९८५

ती. प्रेमिलाताईस,
कौसल्याचा सविनय जयभीम. वि. वि. आम्ही इकडे सगळे खुशाल आहोत. तुझी खुशाली बरेच दिवस आली नाही, आणि एक कामही आहे, म्हणून हे पत्र.

ताराचं लग्न वैशाखात ठरलं हे तुले माहीतच आहे. पोरगा चांगला आहे, बोलते कमी अन् जेवते जास्त. लग्नाच्या निमित्ताने समोरच्या खोलीले चुना मारून घेतला. मधात भगवान बुद्ध अन् बाबासाहेबांची तसबीर, डाव्या हाताले बाचा फोटो, तोच गिरणीच्या पासावरून मोठा केलेला. उजवी बाजू रिकामीच. काल तारा म्हणे, आजीचा फोटो काहून नाही लावला? मी तिच्यावरच खेकसली की फोटो असता तर लावला नसता काय. पण मनाले लागलं वं ताई. आई गेली तेव्हा मी अकरा वर्षांची होती. मले तिचे मिरचीचे देठ खुडणारे हात आठवतात. चेहरा आठवाले बसलं की तुझाच चेहरा येते.

आता काम सांगतो. तुमच्या नागपुरात, इतवारीत बळीराम पेंटर आहे, दुकानांच्या पाट्या रंगवते. ज्याचा फोटो नाही त्याच्यासारख्या दिसणाऱ्या नातलगाले समोर बसवून तो तसबीर काढून देते. आमच्या गुरुजींनी आपल्या वडिलांची तसबीर काकाले बसवून अशीच काढून घेतली. आपल्या घरात आईचं तोंड तुलेच मिळालं, सगळं खानदान म्हणते. तू बसशील ना? दीक्षेच्या दिवशी आईनं पांढरं लुगडं नेसलं होतं, तसंच तूही नेसून बस.

तब्येत सांभाळ, अन् माझ्यावरची माया आहे तशीच राहू दे.
तुझी,
कौसल्या


नागपूर,
१९ नोव्हेंबर १९८५

चि. सौ. कौसल्या हिस,
प्रेमिलाताईचे अनेक उत्तम आशीर्वाद आणि जयभीम. पत्र पोचलं. एक्स्चेंजमध्ये दोन पोरी रजेवर आहेत. ट्रंक कॉल जोडता जोडता डोकं भणाणून जातं आणि घरी आल्यावर पेन धरवत नाही, म्हणून उशीर झाला.

रविवारी बळीराम पेंटरकडे जाऊन आले. भला माणूस आहे. त्याने माझी हनुवटी उजेडाकडे वळवली, इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं, आणि खूश होऊन म्हणाला की बाई, काहीच बदलावं लागणार नाही, म्हातारी जशीच्या तशी आहे. मी त्याला विचारलं की माझ्यात म्हातारी कुठे दिसली. तर डोळ्यांच्या कोपऱ्यातल्या आणि वरच्या ओठावरच्या बारीक रेघा त्याने बोटाने हवेतच काढून दाखवल्या. म्हणाला, आई काढायची तर ह्या लागतातच.

तुला हसू येईल, पण मला नाही आलं. फोनवर लोक मला अजून बेटी म्हणतात. तेच लोक बिल भरायला एक्स्चेंजच्या खिडकीशी आले, की माताजी म्हणतात. मला सवय झाली आहे असं वाटत होतं, ती काही झालेली नाही.

आमच्या शोभाताईंनी रामदासपेठेतल्या एका कातडीच्या डॉक्टरांचं नाव सांगितलं होतं, त्यांच्याकडेही गेले. हे बारीक सुरकुत्या घालवतात. त्यांनी तीन रस्ते सांगितले. एक, ॲसिड लावून वरची कातडी जाळायची, ती सोलून खाली नवी येते. दुसरा, फिरणाऱ्या ब्रशाने ती खरवडून काढायची. तिसरा म्हणजे लेसर नावाचे किरण, पण त्याचे अजून तिकडे अमेरिकेत प्रयोग चालले आहेत, आपल्याकडे यायला बराच अवकाश आहे. मी म्हटलं, उजेडाने सुरकुत्या जात असत्या तर नागपूरच्या उन्हात माझ्या केव्हाच गेल्या असत्या. डॉक्टर हसले. मग मी ॲसिडचं ठरवलं. हे काम थंडीतच करतात, कारण नंतर कित्येक आठवडे उन्हात जायचं नाही. मला सत्तावीस जानेवारी दिली आहे. वैशाखापर्यंत तोंड बरं होईल आणि ताराच्या लग्नात मी जरा माणसासारखी दिसेन.

तसबिरीचं मग बघू. सगळ्यांना आशीर्वाद. रागावलीस तरी पत्र मात्र टाक.
तुझी,
ताई


भिवापूर,
२७ नोव्हेंबर १९८५

ती. ताईस,
जयभीम. तुझं पत्र वाचलं अन् तशीच लिहाले बसली. तुले काय झालं तरी काय? जळालेली कातडी काळी निघाली म्हणजे? गोऱ्या लोकांची दवाई आपल्या कातडीले सोसते काय, हे त्या डॉक्टरले विचारलंस तू? मिरचीचा हात चुकून डोळ्याले लागला तर माणूस दिवसभर नाचते, अन् तू तोंडाले ॲसिड लावून घेऊन राहिली!

अन् तसबीर? ताई, आईचं या जगात काय उरलं आहे? लुगडं नाही, फोटो नाही. एक तुझं तोंड उरलं आहे. तेही तू सोलून टाकशील तर मी ताराले काय दाखवू? तुझं तोंड तुझं आहे, मी कोण बोलणारी. पण ते थोडंसं माझंही आहे, असंच मी आजवर समजून होती.

जास्त लिहीत नाही, रडू येते. राग गिळून लिहिलं आहे, तूही गिळूनच वाच.
कौसल्या


नागपूर,
८ डिसेंबर १९८५

चि. सौ. कौसल्या हिस,
आशीर्वाद. तुझं पत्र दोनदा वाचलं. रागावले नाही. रागवायलाही अंगात जोर लागतो.

कातडी काळी पडू शकते हे डॉक्टरांनी स्वतःहून सांगितलं आहे. डाग राहू शकतात असंही सांगितलं. हे ऐकूनही मी तारीख घेतली, यावरून काय ते समज.

तू म्हणतेस माझं तोंड थोडं तुझंही आहे. खरं आहे. पण कौसल्या, ते माझं कधी होतं? आई तापात गेली तेव्हा मी एकोणीसची होते. दहाव्याच दिवशी बाच्या एका दोस्ताने मला पाहून डोळे पुसले आणि म्हणाला की रुख्मिणीबाईच उभी आहे जणू. तेव्हापासून हेच चालू आहे. तुझी वेणी मी घातली, बाचा डबा मी भरला, आणि कोणाला आईची आठवण आली की तो माझ्या तोंडाकडे बघायचा. बा तर शेवटी शेवटी मला आईच्या नावाने हाक मारायचे आणि मी ओ द्यायचे. मला पाहायला पाहुणे आले तेव्हा मोठ्या आत्याने त्यांना सांगितलं की ही पोरगी नाही, ही तर या घराची आई आहे. पाहुणे चहा पिऊन निघून गेले. आत्याला वाटलं तिने माझी तारीफ केली.

ह्या रेघा दिसायला लागल्यापासून मी पुरतीच आई झाले. मी दमले आहे वं. दुसऱ्या कोणाचं तोंड इतकी वर्षं सांभाळून दमले आहे. एकदा तरी आरशात मला मी दिसावं, एवढंच माझ्या मनात आहे.

पण तुझा हक्क मी बुडवत नाही. पुढच्या रविवारपासून बळीरामसमोर बसते. तारखेच्या आधी तसबीर तुझ्या घरी पोचेल. मग तुझी आई तुला मिळाली आणि माझं तोंड मला, असं धरून चाल. यात वाईट वाटून घेऊ नकोस. ताराला पापा.
तुझी,
ताई


भिवापूर,
१८ जानेवारी १९८६

ती. ताईस,
कौसल्याचा जयभीम. तसबीर परवा पोचली. सुंदर आहे. पांढरं लुगडं, तुझ्यासारखंच नाक, रेघ न् रेघ काढली आहे. मी हार घातला अन् पोटभर रडली.

काल मौद्याहून अंजनामावशी आली, ताराचे कपडे पाहाले. आईची सख्खी मोठी बहीण, आता तीच एक उरली आहे. मी मोठ्या हौसेनं तिले तसबिरीसमोर नेलं. ती चष्मा पुसून पुसून पाहून राहिली. मग मले विचारते की ही म्हातारी कोण? मी म्हटलं, मावशी, आई नाही का. तर माझ्यावरच भडकली. म्हणे, रुख्मिणीच्या तोंडावर एक रेघ नव्हती, गेली तेव्हा तिचं वयच काय होतं. प्रेमिला झाली तेव्हा सोळा संपून सतरावं लागलं होतं तिले.

ताई, मग मी बोटांवर मोजलं. आई गेली तेव्हा छत्तीस वर्षांची होती. मी आज एकोणचाळीसची आहे. माझी आई माझ्याहून लहान होती वं! मी मावशीले म्हटलं, पण मले तर ती म्हातारीच आठवते, ताईलेही तशीच. मावशी म्हणे, म्हातारी कशाची, दमली होती पोरगी. दिवसभर मिरचीत, रात्री चुलीत. लेकरांले आई नेहमीच म्हातारी दिसते. पोरगी म्हणाली ती आईले, अन् मग माझ्याआधी तीच रडत बसली.

आपल्या दोघींची भूल झाली. त्या पेंटरचा काही दोष नाही, त्यानं समोर जे होतं ते काढलं. शेजारचा ओमप्रकाश एसटीत कंडक्टर आहे, त्याच्यासंग तसबीर परत पाठवून राहिली. बळीरामले सांग, रेघा पुसून दे. तुझ्या डॉक्टरची तारीख जवळ आली हे मले माहीत आहे. त्याबद्दल मी आता काही बोलत नाही. तू जे करशील त्यात मी तुझ्यासंग आहे.
तुझीच,
कौसल्या


नागपूर,
२ फेब्रुवारी १९८६

चि. सौ. कौसल्या हिस,
ताईचे आशीर्वाद. तसबीर ओमप्रकाशच्या हाती देते आहे, तिच्यासोबतच हे पत्र.

मावशीचं बोलणं वाचून मी दिवसभर चुकीचे नंबर जोडत होते. सत्तेचाळीस वर्षांची बाई छत्तीस वर्षांच्या पोरीची आई म्हणून बसली होती, आणि आपल्याला कोणाला ते कळलंही नाही.

पंचवीस तारखेला बळीरामकडे गेले. त्याला सगळं सांगितलं. बिचारा ओशाळला. लगेच रंग कालवला आणि बारीक कुंचल्याने आधी ओठावरच्या रेघा घेतल्या, मग डोळ्यांच्या. मी समोर बसून होते. जे करायला डॉक्टर कित्येक आठवडे घेणार होते, ते याने माझा चहा थंड होईपर्यंत संपवलं. मग तो बाजूला झाला आणि मी पाहिलं.

कौसल्या, आई होती. मला सगळी आठवली. दीक्षेच्या गर्दीत तू हरवू नयेस म्हणून तुझा हात माझ्या हातात देऊन मागे वळून पाहणारी. केवढीशी होती. तिथेच दुकानात, ओल्या पाट्यांच्या मधे बसून मी रडले.

आणि रडता रडताच मला कळलं, की डॉक्टर मला देणार होते तो चेहरा हाच. रेघांमुळे मी आई दिसते असं मी समजत होते. उलटंच होतं. ॲसिड लावून, सोलून, उन्हाला भिऊन घरात बसून, शेवटी मी पुन्हा आईच होऊन बाहेर आले असते. ज्या रेघा मला घालवायच्या होत्या, त्या आईच्या कधी नव्हत्याच. तेवढ्याच काय त्या माझ्या आहेत.

सोमवारी डॉक्टरांकडे गेले आणि यादीतून माझं नाव काढा म्हणून सांगितलं. भीती वाटली का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, रेघा आणखी खोल जातील. मी म्हटलं, जाऊ द्या. किरणांचं यंत्र आलं की कळवतो म्हणाले, भला माणूस.

मी एकदम खुशीत आहे असं मात्र समजू नकोस. सकाळी आरशासमोर अजून दमायला होतं आणि खिडकीशी माताजी म्हटलं की अजून टोचतं. ते काही जाणार नाही. पण लग्नाला मी येते, तोंड न झाकता येते. मांडवात कोणी मला पाहून म्हणालं की रुख्मिणीबाईच आली जणू, तर तू पुढे हो आणि त्याला घरात नेऊन भिंत दाखव. म्हणावं, रुख्मिणी ती तिथे आहे, आणि ही आमची ताई आहे, आईपेक्षा अकरा वर्षांनी मोठी.

एवढं माझ्यासाठी कर. बाकी लोभ आहेच.
तुझी,
प्रेमिला