बावन्न पायऱ्यांचा मनोरा

दि. १४, बुधवार, दुपार

तीर्थरूप दादा,

नमस्कार. आम्ही दोघी सुखरूप आहोत. गाडीही सुखरूप आहे. आधी तीच विचारशील, म्हणून सांगून टाकते. वहिनीचं अक्षर बघून दचकू नकोस. माझा हात जरा भरून आलाय, म्हणून मी सांगते आणि ती लिहिते.

"रविवारी टेम्पो पाठवतो, सामान बांधून ठेव, आता आमच्या मागच्या खोलीत राहायचं," हा तुझा निरोप आम्ही निघण्याआधीच मिळाला होता. उत्तर शेवटी देते.

तुझ्या बायकोला मी पळवलेलं नाही. "ड्रायव्हर घेऊन बहिणीकडे जाते" ही थाप तिची. आणि जिला फाटकातून गाडी काढता येत नाही म्हणून तू तीस वर्षं हिणवलंस, तिनं काल नदीकाठचा अख्खा घाटरस्ता एका दमात उतरून दाखवला. एका बाजूला जंगल, दुसऱ्या बाजूला खोल पाणी, आणि समोरून ट्रक आला की ती तुझ्या नावानं शिव्या घालायची. (हे मी लिहिणार नव्हते. वन्सं लिहाच म्हणतात.)

तुला ठाऊकच आहे, पर्यटन कचेरीत एकतीस वर्षं मी माहितीपत्रकं लिहिली. मोठी शहरं साहेब लोकांनी वाटून घेतली. कोणी फिरकत नाही अशी जुनी गावं माझ्या गळ्यात मारली. पाहायला मात्र एकदाही पाठवलं नाही. बाईमाणूस एकटी कुठे जाणार, म्हणायचे. तूही तेच म्हणालास. मग फायली चाळायच्या, आणि फायलीत नसेल ते पदरचं घालायचं.

परवा रंगाऱ्यांचं गाव झालं. तिथल्या दगडी हौदांच्या कडा अजून निळ्या आहेत, मी त्यांवरून हात फिरवला. आज जकातीच्या मनोऱ्याचं गाव. "बावन्न पायऱ्या चढून गेल्यावर" असं मी पत्रकात ठोकून दिलं होतं. दारातला पहारेकरी माझीच वाक्यं मला पाठ म्हणून दाखवू लागला!

मी म्हटलं, "अहो, ते मीच लिहिलंय, तेही खुर्चीत बसून. मोजल्यात कोणी?"

"एकोणपन्नास आहेत, बाई. रोज चढतो मी. पण छापलेलं खोटं कसं म्हणायचं?"

"चला, आज म्हणू या."

जिना काळाकुट्ट. वहिनी भिंत चाचपत, ठेचकाळत येत होती. मी पायांनी मोजत सरळ वर गेले. एकोणपन्नासच.

मला अंधार नवा नाही, दादा. हात भरून आलेला नाही. दोन्ही डोळ्यांत काचबिंदू आहे. कडेचं सगळं गेलं, मधलं नळीतून बघावं तेवढं उरलंय. ते किती टिकेल डॉक्टर सांगत नाहीत. गेलेलं परत येत नाही, एवढंच सांगतात. चार महिने तुझ्यापासून लपवलं. तुला कळलं असतं तर त्या मागच्या खोलीला तू बाहेरून कडी घातली असतीस. मायेनंच घातली असतीस, पण घातली असतीस.

भीती वाटते. खूप वाटते. तरी वर उभी राहून मी एकेक करून सगळं पाहिलं: कौलं, नदीचं वळण, तुझ्या गाडीच्या बॉनेटवर झोपलेलं मांजर. खाली आल्यावर पहारेकऱ्यानं खडू दिला. दारातल्या माहितीच्या पाटीवरचं बावन्न मी माझ्या हातानं खोडलं.

आता उत्तर. टेम्पोवाल्याला नाही म्हणून कळव. माझं घर मला पायांनी पाठ आहे. दिसेनासं झालं तरी मी तिथेच राहणार, चहा सांडेल तो मीच पुसेन. अजून तीन गावं उरलीत, ती बघितल्याशिवाय परत फिरणार नाही.

वहिनीचं तिला विचार. ती रडतेय, आणि मला कळत नाही असं तिला वाटतंय. (रडत नाहीये. सोमवारी येईन, गाडी मीच चालवत आणीन. तुम्ही फाटक उघडून ठेवा.)

खालची सही माझ्या हातची. ओळ सुटली असेल तर सुटू दे.

तुझी धाकटी बहीण
कायमचा पत्ता: जुनाच